जलरेखेचा भांग

समस्त नाट्यरसिक, आप्तेष्ट, गिऱ्हाइके आणि शेजारी यांना गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, सांगलीतल्या एका शिलाईच्या दुकानाच्या मालकीणबाईंनी (वय पन्नाशीच्या जरा पुढे, साठीच्या पुष्कळ अलीकडे) मार्गशीर्षातल्या एका सकाळी मशीनवर चादर घातली, दाराला ‘राष्ट्रीय महत्त्वाच्या कामासाठी बाहेरगावी’ अशी पाटी अडकवली आणि रत्नागिरीकडे प्रस्थान ठेवले. पाटी वाचून एका नवरीच्या आईचा फोन आला. “राष्ट्र थांबेल हो,” ती म्हणाली, “पण माझ्या मुलीचा मुहूर्त थांबणार नाही. ब्लाऊज कधी देताय?” मी फोन बंद केला. थोर कार्यात असे अडथळे यायचेच.

कार्य काय होते ते सांगते. मी अकरा वर्षांची असताना मावशीने मला ‘संगीत जलरेखा’ नावाचे नाटक दाखवले. जलरेखा ही कोळीण. तिचा नवरा समीरण तारू घेऊन समुद्रावर जातो, वादळ होते, दिवसांमागून दिवस जातात. सारा गाव तिच्या दारात जमतो आणि म्हणतो, पूस ते कुंकू, तो आता यायचा नाही. तेव्हा जलरेखा उठते, कुंकवाने भरलेल्या भांगावर हात ठेवते आणि गर्जते, “भांग आहे अजून!” मग पेटी वाजते आणि ते पद सुरू होते:

भांग आहे अजून, सखे ग, भांग आहे अजून
कुणी पुसावे, कुणी रुसावे, दीप ठेविते लावून

शेवटी समीरणाचे पागोटे तेवढे लाटेबरोबर किनाऱ्याला लागते आणि जलरेखा हातात दिवा घेऊन, भैरवी म्हणत, पाण्यात चालत जाते. मी अशी रडले, अशी रडले, की पुढच्या खुर्चीतल्या अनोळखी बाईंनी वळून मला पेपरमिंटची गोळी दिली. दुसऱ्या दिवसापासून मी भांग मधोमध पाडू लागले. आमच्या घरात सगळ्यांचा भांग डावीकडे. आई म्हणाली, “काय अवतार आहे हा?” मी म्हटले, “भांग आहे अजून!” आणि पाठीत धपाटा खाल्ला. तो भांग आजही मधोमध आहे. थोडा रुंद झालाय, एवढेच.

नाटकाच्या पत्रकावर तळाशी एक ओळ होती: ‘रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातील सत्य घटनेवर आधारित.’ ती ओळ माझ्या मनात इतकी वर्षे रुतून बसली होती. आणि या वर्षी रत्नागिरीच्या एका हौशी मंडळाने तेच नाटक बसवायला घेतले आणि जलरेखेचे कपडे शिवायचे काम, नशीब बघा, माझ्याकडे आले! मापे सांगता सांगता त्यांचे चिटणीस फोनवर सहज बोलून गेले, “ज्यांच्यावर हे नाटक आहे त्या बाई अजून आहेत इथं. प्रयोगाला बोलावलंय त्यांना, पण यायला तयार नाहीत. घरातून विरोध आहे म्हणे.”

माझ्या हातातली कात्री खाली पडली. जलरेखा जिवंत! म्हणजे ती त्या भैरवीनंतर परत किनाऱ्यावर आली होती तर. कपडे पोस्टाने पाठवायचे ठरले होते. मी म्हटले, मीच घेऊन येते.

गाडी चालवायला माझी नणंद, उषावन्सं. वन्संनी आयुष्यभर विमा कार्यालयात नोकरी केली, आणि नाटकातली माणसे बोलता बोलता मध्येच गायला का लागतात, हे त्यांना आजवर कोणी पटवून देऊ शकलेले नाही. “घरात मयत झालंय आणि ही बाई ताना घेतेय,” असे त्यांचे मत. त्या आल्या होत्या माशांसाठी.

कोल्हापूर मागे पडले, मलकापूर गेले, आणि आंबा घाट सुरू झाला. कारवीची झुडपे वाळू लागली होती, दरीत धुके अजून लोळत होते. अशा ठिकाणी गप्प बसणे हा निसर्गाचा अपमान आहे, म्हणून मी पद सुरू केले. पहिला अंतरा सुरेख झाला. दुसऱ्या अंतऱ्याला वळणे वाढली. तिसऱ्या अंतऱ्यात समेवर यायच्या ऐवजी भलतेच काही वर येऊ लागले. “वन्सं, थांबवा!” मी ओरडले. वन्संनी गाडी थांबवली, मी धावले आणि रस्त्याकडेच्या एका खांबाला मिठी मारून उभी राहिले. मागून वन्संचा आवाज आला, “वहिनी, कपड्यांची पिशवी मी मागच्या सीटवर ठेवलीय. भांग आहे ना अजून?”

पालीला चहासाठी थांबलो. हॉटेल म्हणजे पुढे बाकडी आणि मागे भट्टी. मालक गोल चेहऱ्याचे, खांद्यावर पंचा. भजी तळता तळता चौकशी चालूच.

“सांगलीहून? नाटक बघायला? सांगलीतली नाटकं संपली काय?”

“हे खास आहे,” मी म्हटले. “संगीत जलरेखा.”

“शेवट गोड हाय?”

“नाही. नवरा बुडतो.”

त्यांनी झारा कढईच्या काठावर आपटला. “बुडताना बघायला एवढा घाट उतरून आलात! परतताना इकडनंच जाल ना? मेला का वाचला, ता सांगून जावा.”

हातखंब्याला रस्त्याची कामे चालली होती. धूळ, आडवे लावलेले पत्रे आणि एकाच खांबावर तीन दिशांचे बाण. रत्नागिरीचे वळण कधी मागे पडले ते कळलेच नाही. बऱ्याच वेळाने रस्त्याकडेला कोकम आणि फणसपोळी विकणाऱ्या एका बाईंना विचारले. त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, “समुद्र पायजेल तर मागं फिरा. मुंबय पायजेल तर हे असेच जावा.” आम्ही समुद्र निवडला. फणसपोळीही घेतली, कारण इतके नेमके उत्तर मिळाल्यावर रिकाम्या हाताने निघणे बरे दिसत नाही.

नाट्यगृहावर कपडे पोचवले. चिटणीस घामाघूम होते. पुठ्ठ्याच्या लाटा रंगवून मागच्या दारात वाळत घातल्या होत्या. त्यांनी पत्ता सांगितला आणि वर म्हणाले, “पहिल्या रांगेतल्या मधल्या दोन खुर्च्या राखून ठेवल्यात. तुम्हांला जमलं तर बघा. आम्ही तीनदा जाऊन आलो. तिथला मालक फार तिखट आहे.”

तिखटाचे नाव निघाल्यावर वन्संना भूक लागली. जवळच्या खानावळीत बांगड्याचे तिकले (तिरफळ घातलेले झणझणीत कालवण) आणि उकड्या तांदळाचा भात होता. वन्संनी सोलकढीची तिसरी वाटी संपवून जाहीर केले, “आता तुमचं मयत दाखवा.”

मिरकरवाडा बंदरावरचा मासळीचा लिलाव सकाळीच उरकला होता, पण गलका होताच. बर्फाच्या लाद्या फोडल्या जात होत्या, निळ्याहिरव्या जाळ्यांचे ढीग पडले होते, ट्रॉलर एकमेकांना खेटून डुलत होते. पाणी मात्र मला अंमळ सुस्त वाटले. धड आत नाही, धड बाहेर नाही. टोपलीतल्या सुंगटांवर (कोळंबीवर) बर्फ पसरत असलेल्या एका बाईंना मी हात जोडून विचारले, “जलरेखा कुठं राहतात?”

“जलरेखा? बोट हाय काय? मागल्या धक्क्याला बघा.”

“बोट नव्हे हो, बाई!”

त्यांनी डोके हलवले. मग माझ्याकडे एकच उपाय उरला. मी पिशवी वन्संकडे दिली, भांगावर हात ठेवला आणि भर बंदरात ध्रुपद लावले. बर्फ फोडणारे थांबले. तीन-चार बायका भोवती जमल्या. त्यातली एक कानावर हात ठेवून म्हणाली, “अगो, ही शेवंतीआत्याचं गाणं म्हनते!”

“बेसूर म्हनते,” दुसरी म्हणाली.

“बेसूर म्हनते, पन तिचंच हाय. त्या गल्लीत जावा, अबोलीची झाडं हायत ता घर.”

तर जलरेखेचे खरे नाव शेवंती. मला आवडले. ऐकल्याबरोबर वास येतो असे नाव.

अबोलीच्या घरापुढे, अंगणात पसरलेल्या जाळ्याच्या मधोमध, एक म्हातारे गृहस्थ पाय पसरून बसले होते आणि लाकडी सुईने जाळे शिवत होते. माझाही धंदा शिवण्याचा, त्यामुळे मी आधी टाका बघितला. टाका सुबक होता.

“शेवंतीकाकी इथंच राहतात ना? आपण त्यांचे कोण?”

“मी तिचा घोव,” (घोव म्हणजे नवरा) ते मान वर न करता म्हणाले.

“दुसरे?” माझ्या तोंडून निसटले.

आता मान वर झाली. “दुसरा कुठला? एकच हाय. एकच जड जातो, असा ती म्हनते.”

“पण तुम्ही... तुम्ही तर बुडाला होतात!”

त्यांनी सुई खाली ठेवली. डोळे मिटले. मग घराकडे तोंड करून हाक मारली, “गो शेवंते! बाहेर ये. माज्या मयताची मानसं आली आनी एकदा!”

माझ्या डोळ्यांना खरेच पाणी आले. चाळीस-बेचाळीस वर्षे ज्याच्यासाठी रडले, तो समीरण माझ्यासमोर बनियनवर बसला होता आणि त्याला दाढी करायची गरज होती. नाव समीरण नव्हे, भिकाजी. आणि भिकाजीकाका समीरणावर भयंकर चिडलेले होते.

“नाटक आला आनी मी मेलो,” ते म्हणाले. “त्याच्या आदी बरा व्हतो. बंदरावर लिलावात उभा ऱ्हायलो की पोरं बोलायची, मयताची बोली लागली रे! पुतनीच्या लग्नाची पत्रिका छापली, तर छापनारा इचारतो, काकांच्या नावामागं ‘कै.’ लावायचा ना?”

वन्सं इतक्या मोठ्याने हसल्या की शेजारचे कुत्रे भुंकले. भिकाजीकाकांना वन्सं लगेच आवडल्या. मी नाही.

तेवढ्यात शेवंतीकाकी बाहेर आल्या. ऐंशीच्या पुढच्या, लहानखुऱ्या, ताठ. केस पांढरेशुभ्र, भांग मधोमध आणि त्यात कुंकवाची बारीक रेघ. मी वाकून नमस्कार केला आणि गहिवरून म्हटले, “काकी, एकदा, फक्त एकदा, ते वाक्य तुमच्या तोंडून ऐकायचंय.”

“कुठला गो?”

“भांग आहे अजून!”

काकींनी नवऱ्याकडे बघितले, मग माझ्याकडे. “व्हताच ना तवा भांग,” त्या म्हणाल्या. “अष्टमी व्हती.”

मला काही कळेना. अष्टमीचा आणि केसांचा काय संबंध? तेव्हा काकी जाळ्याच्या कडेला बसल्या आणि त्यांनी मला जे सांगितले, ते माझ्या भाषेत असे. अवसेला आणि पुनवेला समुद्राला उधाण येते, भरती मोठी असते. मधल्या अष्टमीच्या सुमाराला भरती पार बारीक होते. त्या दिवसांना दर्यावर्दी माणसे ‘भांग’ म्हणतात. त्या वर्षी वादळ आले ते अवसेच्या उधाणात. भिकाजीकाकांनी तारू वाचवायला ते लांबच्या एका खाडीत घुसवले. मोठ्या पाण्यात आत गेले खरे, पण मग भांग लागला, खाडीच्या तोंडाशी वाळूवर पाणी पुरेना, आणि भरलेले तारू आतच अडकले. हे सगळे शेवंतीकाकींनी घरी बसल्या बसल्या ओळखले होते. लोक कुंकू पुसायला सांगू लागले तेव्हा त्या चुलीपुढून एवढेच म्हणाल्या, “भांग हाय अजून.” म्हणजे पाणी अजून लहान आहे. उधाण येऊ दे, मग येतील.

“आणि आले?”

“पुनवेला आला. जाडा होऊन आला.”

“तिथल्या मानसांनी घावने खायला घातले,” काका म्हणाले. “रोज. निरोप धाडला व्हता, पन निरोप्याला वाटेत कोनाच्या तरी लग्नाचं जेवान लागला, तो तिथंच ऱ्हायला.”

आणि पुढच्याच वर्षी देशावरचा एक लेखक बंदरावर आला होता. त्याने ही गोष्ट ऐकली, ‘भांग’ शब्द ऐकला, काकींच्या कपाळाकडे बघितले, आणि त्याचे डोळे भरून आले. देशावरच्या माणसाला भांग म्हणजे केसांचाच. (किंवा दुसरी ती होळीची. ती त्याने घेतली नाही, हे मराठी रंगभूमीचे नशीब.)

मी जाळ्यावरच बसले. बेचाळीस वर्षे! आईचा धपाटा, मधोमध पाडलेला भांग, हळदीकुंकवात गायलेली पदे, आणि हे सगळे भरती-ओहोटीवर! “वहिनी,” वन्सं डोळे पुसत म्हणाल्या, “तुम्ही इतकी वर्षं डोक्यावर समुद्राचं वेळापत्रक घेऊन हिंडताय.”

“काकी, तुम्ही त्या लेखकाला सांगितलं नाहीत?”

“कशाला?” काकी म्हणाल्या. “गाना चांगला हाय. गनपतीत लावतात, मी ऐकते. ‘भांग आहे अजून, दीप ठेविते लावून.’ बरोबरच हाय की. भांग असताना दिवा लावूनच बसायचा असता.”

मी मनातल्या मनात पद पहिल्यापासून म्हणून बघितले. कुठेही अडले नाही. उलट, अधिकच चांगले लागले.

“नाटकही आवडलं असेल तुम्हांला?”

 काकींनी जाळ्याचा एक फास उगाच ओढून सरळ केला. “बघितला कुठं?” त्या म्हणाल्या. “माज्यावर नाटक झाला, समद्या गावानं बघितला, बाहेरगावच्या मानसांनी बघितला. मी नाय. एकदा बघायचा व्हता.”

“मग आज चला! पहिल्या रांगेत खुर्च्या आहेत!”

त्यांनी डोळ्यांनी नवऱ्याकडे खूण केली. “ह्यो येत नाय. आनी घोव घरात बसलेला असताना बायकोनं एकटीनं जाऊन त्याला बुडताना बघायचा? नाय गो बाय. तसा करू नये. तो शेजारी बसलेला असंल तर गोष्ट येगळी.”

तर असे होते एकूण. घरातून विरोध म्हणतात तो हा. समोरची बाई ऐंशीच्या पुढची. हे नाटक रत्नागिरीला याआधी आले त्याला जमाना झाला होता आणि पुन्हा कधी येईल ते कोणालाच सांगता आले नसते. मी पदर खोचला.

“काका, तुमचं दुःख काय? लोक तुम्हांला मेलेला समजतात.”

“समजतात.”

“घरात बसून काय होणार? तुम्ही आला नाहीत, म्हणजे मेलातच. पण पहिल्या रांगेत, अगदी मधोमध, दाढीबिढी करून जिवंत माणूस बसला, तर त्याला मेला कोण म्हणेल? सगळ्या रत्नागिरीला एकदम दिसाल!”

काकांनी सुई उचलली, एक टाका घातला. “मधोमध?”

“अगदी मधोमध.”

“च्या?”

“मध्यंतरात. वर भजी.”

त्यांनी अंगणाच्या टोकाकडे, समुद्राच्या दिशेने बघितले. “भरती बघून सांगतो,” ते म्हणाले.

“नाटकाचा आणि भरतीचा काय संबंध?” वन्संनी विचारले.

“कायपन नाय,” शेवंतीकाकी उठत म्हणाल्या. “ह्याला ‘नाय’ म्हनायचा असला की ह्यो भरतीवर ढकलतो.” आणि त्या आत गेल्या. त्यांनी आतून दिलेला चहा फार गोड होता. 

संध्याकाळी मी नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर उभी. माणसे येत होती, अत्तराचे आणि गजऱ्यांचे वास येत होते, आतून पेटी तपासल्याचा आवाज येत होता. पहिली घंटा झाली. चिटणीस बाहेर येऊन माझ्या तोंडाकडे बघून परत गेले. दुसरी घंटा झाली. “चला वहिनी, निदान तुमचं तरी नाटक चुकायला नको,” वन्सं म्हणाल्या. मी म्हटले, “मी पाहिलंय सतरा वेळा. थांबा.”

तिसऱ्या घंटेच्या तोंडावर एक रिक्षा येऊन थांबली. आधी पांढरी टोपी बाहेर आली, मग इस्त्रीचा सदरा, मग गुळगुळीत दाढी केलेले भिकाजीकाका. त्यांच्यामागून नऊवारीतल्या शेवंतीकाकी, अंबाड्यावर अबोलीचा वळेसर. काका पायऱ्या चढताना दोन्ही बाजूंना बघत होते, आपल्याला कोण कोण बघतेय ते. आत शिरताना एकाने हाक मारली, “काय भिकाजीशेट, स्वतःच्या मयताला आलात?” काका थाटात म्हणाले, “हो. तुज्या येळी पन येईन.”

मी त्यांच्या मागच्याच रांगेत बसले, त्यामुळे मला दोन नाटके दिसली. पडदा उघडला. समीरण आला: सडपातळ, गोरा, हातात वल्हे असे धरलेले की जणू उसाचे कांडे.

“ह्यो मी?” काका कुजबुजले. कुजबूज पाचव्या रांगेपर्यंत गेली.

“गप बसा,” काकी म्हणाल्या. “तवा तुमी असेच व्हतात.” काका मग सबंध पहिला अंक ताठ बसून राहिले.

जलरेखेचे काम करणारी मुलगी गोड गात होती. मी शिवलेला हिरवा ब्लाऊज तिला बेतशीर बसला होता, हे प्रवासवर्णनात यायलाच हवे. दुसऱ्या अंकात पुठ्ठ्याची एक लाट आडवी पडली आणि मागे उभा असलेला माणूस दिसला. तो शांतपणे लाट उचलून पुन्हा तिच्याआड गेला. मध्यंतरात काकांनी चहा घेतला, भजी खाल्ली आणि तीन जणांना आपण जिवंत असल्याचे स्वतःहून सांगितले.

मग तिसरा अंक. दारात गाव जमला. पूस ते कुंकू, पूस ते कुंकू, असा गलका वाढत गेला. शेवंतीकाकींचा हात हळूच शेजारच्या सदऱ्याच्या बाहीवर गेला, तो मी पाहिला. मुलगी उठली. भांगावर हात ठेवला. डोळ्यांतून पाणी गालावर आले आणि ती म्हणाली, “भांग आहे अजून!”

या जागी टाळ्या पडतात. पण ती इतके खरे बोलली की प्रेक्षागृहात चिडीचूप झाले. आणि त्या शांततेत पहिल्या रांगेतून, मधोमध, पांढरी टोपी उभी राहिली. काकी सदरा ओढत होत्या. काकांचे लक्ष नव्हते. ते त्या रडणाऱ्या मुलीला हात करून मोठ्याने बोलले. काय बोलले ते सांगते, पण ते सांगायचा मान माझा नाही. त्यासाठी पालीला जायला हवे.

पेटीवाल्याचे हात वरच राहिले.  मग हशा आला, हशातून टाळ्या आल्या, आणि टाळ्या थांबेचनात. ती मुलगी मात्र हसली नाही. ती दोन पावले पुढे आली आणि तिने ते सगळे पद पांढऱ्या टोपीकडे बघत म्हटले. इतकी वर्षे मी हे पद ऐकतेय. जलरेखा ते नेहमी छताकडे बघून म्हणते. शेवटी लिहिल्याप्रमाणे पागोटे किनाऱ्याला लागले. पण रत्नागिरीत त्यावर कोणाचा विश्वास बसला नाही. जलरेखा दिवा घेऊन पाण्यात निघाली तेव्हा शेवंतीकाकी हळहळल्या, “अगो, आठ दिस थांबली असतीस तर!”

पडदा पडल्यावर समीरण खाली आला आणि काकांच्या पाया पडला. “माफ करा काका, तुम्हांला बुडवलं.” काका म्हणाले, “बुडलास बरा. पन वल्हा धरायला ये माज्याकडं. सकाळी ये.” काकी खुर्चीतच बसून होत्या. मी विचारले, “कसं वाटलं?”  “इतकी मानसं,” त्या म्हणाल्या, “आमच्या दोगांसाठी रडली.” आणि मग पदर तोंडाला लावून त्या अशा हसल्या की त्यांचा वळेसर सुटला. तो मी माळून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉजच्या आरशापुढे कंगवा घेऊन उभी राहिले. वन्सं खाटेवरून बघत होत्या. मला वाटते, मी आता भांग डावीकडे पाडेन की काय, याची त्यांना उत्सुकता होती. मी तो मधोमधच पाडला. बायकोचे कुंकू राहील का, याची चिंता वाहणारे नाटक मी बेचाळीस वर्षे डोक्यावर मिरवले. आता पाणी लहान असताना दिवा लावून बसणारी बाई मिरवते. जलरेखा आणि शेवंतीकाकी, दोघींचा भांग एकाच जागी पडतो. आणि पाणी लहान असण्याच्या त्या भांगात नवरीच्या आईचे अडकलेले ब्लाऊज, दुकानाचे मंदीचे दिवस, गुडघे, हे सगळेही बसते, हे मला परतीच्या वाटेवर सुचले. हातखंब्याचे वळण या वेळी चुकले नाही.

पालीला मालकांनी आम्हांला लांबूनच ओळखले. चहा मागायच्या आधीच त्यांनी झारा उंचावून विचारले, “काय झाला? मेला का वाचला?”

मी तोंड उघडणार, तोच वन्सं उठल्या. विमा कार्यालयातल्या, नाटकाचा तिटकारा असलेल्या माझ्या वन्सं! त्यांनी मालकांच्या खांद्यावरचा पंचा उचलून टोपीसारखा डोक्यावर ठेवला, बाकड्यांच्या मधोमध उभ्या राहिल्या, हात लांब केला आणि काकांच्याच आवाजात, सगळ्या हॉटेलला ऐकू जाईल असे म्हणाल्या:

“रडतंस कशाला गो? भांगच हाय ना? पुनवेच्या उधानाला येतोय मी!”